वसुलीचा जाच, गहाण शेती आणि अडकलेली ठेव: राज्यांचे कायदे नेमके कोणाला बांधतात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कर्नाटक आणि तमिळनाडू या राज्यांनी 2025 मध्ये जबरदस्तीच्या कर्जवसुलीविरुद्ध कडक कायदे केले. महाराष्ट्रातील कर्जदाराला तसे संरक्षण आहे काय, आणि नसल्यास काय करावे? आपल्या कुटुंबापुढील अडचणी तीन आहेत: सावकाराच्या नावे करून दिलेले शेतीचे खरेदीखत, आईने गटातील महिलांबरोबर घेतलेले मायक्रोफायनान्सचे (कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना दिले जाणारे छोटे) कर्ज आणि पतसंस्थेत अडकलेली मुदत ठेव. या तिन्हींना एकच कायदा लागू होत नाही, आणि या राज्यांच्या धर्तीवर महाराष्ट्राने उद्या नवा कायदा केला तरी तो या तिन्ही ठिकाणी पोहोचणार नाही. म्हणून पैसे देणारा किंवा घेणारा कायद्याच्या दृष्टीने कोण आहे, हे आधी निश्चित करावे लागते. अनेक तक्रारी चुकीच्या कार्यालयात पडून राहतात, त्याचे कारण हे निश्चित केलेले नसते.

यामागची घटनात्मक मांडणी समजून घ्यावी. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत क्रमांक 30 च्या नोंदीखाली सावकारी, सावकार आणि शेतीच्या कर्जबाजारीपणापासून दिलासा हे विषय राज्यांकडे आहेत. बँकिंग हा विषय मात्र केंद्रसूचीत आहे. रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी केलेल्या बिगर-बँकिंग वित्तीय कंपन्या (बँक नसूनही कर्ज देणाऱ्या कंपन्या) या दोहोंच्या सीमेवर येतात, आणि त्यांच्यावर राज्याचा सावकारी कायदा चालतो की नाही हा वाद अनेक वर्षे निरनिराळ्या उच्च न्यायालयांत सुरू होता. सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये नेडुमपिल्ली फायनान्स कंपनीच्या प्रकरणात तो मिटवला. रिझर्व्ह बँक कायद्याच्या प्रकरण तीन-ब मध्ये अशा कंपन्यांसाठी स्वतंत्र आणि परिपूर्ण नियमनव्यवस्था आहे, त्यामुळे केरळ आणि गुजरातचे सावकारी कायदे त्यांना लागू होत नाहीत, असा तो निकाल आहे. महाराष्ट्राच्या कायद्यासंबंधीही आता हाच विचार धरावा लागतो. मोठ्या कंपनीकडून घेतलेल्या कर्जाविरुद्ध सावकारी कायद्याखाली अर्ज करणारे लोक आजही भेटतात. त्यांचे सहा महिने त्यात वाया जातात.

हीच मर्यादा कर्नाटक आणि तमिळनाडूच्या नव्या कायद्यांनाही आहे. कर्नाटकाने फेब्रुवारी 2025 मध्ये सूक्ष्म आणि लघु कर्जाच्या जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला. राज्यपालांनी तो एकदा परत पाठवला होता आणि दहा वर्षांपर्यंतचा कारावास व पाच लाख रुपयांपर्यंतचा दंड ही शिक्षा अवाजवी असल्याचा त्यांचा एक आक्षेप होता. तरीही शिक्षा तशीच राहिली आणि पुढे विधिमंडळाने तो कायदा केला. परवाना वा नोंदणी नसलेल्या सावकाराने दुर्बल घटकातील व्यक्तीला दिलेले कर्ज व्याजासह फिटले असे मानण्याची तरतूद त्यात आहे आणि पोलिसांना तक्रार नाकारता येत नाही. पण रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या बँका आणि वित्तीय कंपन्या त्यातून वगळलेल्या आहेत. तमिळनाडूच्या कायद्यात शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड पाच लाखांपर्यंत आहे. वसुलीच्या छळामुळे कर्जदाराने आत्महत्या केल्यास आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा धरण्याची तरतूदही त्यात आहे. या कायद्यांचा धाक खरा आहे, तो मी कमी लेखत नाही. तथापि ज्या साप्ताहिक हप्त्यांच्या जाचामुळे हा विषय ऐरणीवर आला, त्यातील बराच भाग नोंदणीकृत कंपन्यांचा होता, आणि नेमक्या त्यांच्याबाबतीत राज्याचा हात आखूड पडतो.

आंध्र प्रदेशाचा अनुभव येथे विसरून चालणार नाही. ऑक्टोबर 2010 मध्ये त्या राज्याने मायक्रोफायनान्स संस्थांविरुद्ध वटहुकूम काढला आणि पुढे त्याचा कायदा केला. जाच थांबला, पण त्याबरोबर परतफेडही कोलमडली, संस्थांनी नवे कर्ज देणे बंद केले आणि गरजू कुटुंबे पुन्हा खासगी सावकाराकडे वळली. त्यानंतर नेमलेल्या मालेगाम समितीच्या अहवालावरून रिझर्व्ह बँकेने या क्षेत्रासाठी स्वतंत्र नियम केले. तेलंगणा उच्च न्यायालयाने 2023 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या वरील निकालाचा आधार घेऊन, तो राज्य कायदा रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील कंपन्यांना लागू होत नाही असे ठरवले. राज्य कायद्यावर सगळी आशा ठेवू नये असे मी म्हणतो ते यासाठी.

आता आपल्या शेतीच्या खरेदीखताकडे वळतो, कारण तिन्हींपैकी हाच प्रश्न सर्वांत मोठा आहे आणि याच ठिकाणी महाराष्ट्राचा कायदा त्या दोन राज्यांच्या नव्या कायद्यांपेक्षा उजवा आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 हा 1946 च्या मुंबई सावकारी कायद्याच्या जागी आला. परवान्याशिवाय सावकारीचा धंदा केल्यास कलम 39 खाली पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लोकांना हे कलम ठाऊक असते, कारण पोलीस ठाण्यात तेच लावले जाते. परंतु सावकाराला शिक्षा झाल्याने जमीन परत मिळत नाही; जमिनीचा मार्ग कलम 18 मधून जातो. कर्जाची सुरक्षा म्हणून दिलेली स्थावर मालमत्ता विक्री, गहाण, भाडेपट्टा, अदलाबदल किंवा अन्य कोणत्याही नावाने सावकाराच्या ताब्यात गेली असेल, आणि तो व्यवहार अर्जाच्या वा तपासणीच्या तारखेपूर्वीच्या पंधरा वर्षांतील असेल, तर जिल्हा निबंधक, म्हणजे प्रत्यक्षात आपल्या जिल्ह्याचे सहकारी संस्थांचे जिल्हा उपनिबंधक, चौकशी करून तो दस्त अवैध घोषित करू शकतात आणि मालमत्तेचा ताबा कर्जदाराला किंवा त्याच्या वारसाला परत देण्याचा आदेश देऊ शकतात. त्या आदेशावर एक महिन्यात विभागीय निबंधकांकडे अपील करता येते.

या कलमाचे मोल दिवाणी कायद्याशी ताडून पाहिल्यावर कळते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 58 च्या परंतुकाप्रमाणे, सशर्त विक्रीद्वारे गहाण (वरून विक्री, पण पैसे फेडल्यास मालमत्ता परत) ठरण्यासाठी परतखरेदीची अट त्याच दस्तात असावी लागते. सावकारांचे लेखनिक हे पक्के जाणतात. म्हणून खरेदीखत निर्भेळ करतात, आणि पैसे फेडल्यास जमीन परत देऊ हे आश्वासन वेगळ्या मुद्रांक कागदावर लिहितात किंवा केवळ तोंडी देतात. दिवाणी न्यायालयात अशा दस्ताला गहाण म्हणून सिद्ध करणे फार अवघड जाते. कलम 18 च्या चौकशीत मात्र दस्ताच्या नावाला महत्त्व नसते. मूळ व्यवहार कर्जाचा होता काय, एवढेच पाहिले जाते.

पण ते पाहण्यासाठी पुरावा लागतो, आणि अनेक अर्ज येथेच फेटाळले जातात. समोरची व्यक्ती सावकारीचा धंदा करते हे दाखवावे लागते. ओळखीतल्या माणसाने एकदाच दिलेले हातउसने पैसे म्हणजे सावकारी नव्हे. त्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयातील इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या सूचीचा शोध घ्यावा. त्याच व्यक्तीच्या किंवा तिच्या पत्नी-मुलांच्या नावे थोड्या वर्षांत निरनिराळ्या शेतकऱ्यांकडून अनेक खरेदीखते झालेली आढळली, तर तो पुरावा दहा साक्षीदारांपेक्षा जड ठरतो. आपल्या दस्तातील किंमत त्या वर्षीच्या रेडी रेकनरच्या (शासनाने ठरवलेल्या जमीनमूल्याच्या) दराशी ताडून पाहावी. खरेदीनंतरही जमीन आपणच कसत होता काय, हे सातबाऱ्यावरील पीकपाहणीतून, खत-बियाण्यांच्या पावत्यांतून आणि बाजार समितीच्या हिशेबपट्ट्यांतून दाखवावे. खरेदीखतानंतर सावकाराला बँकेतून किंवा यूपीआयने पैसे गेले असतील, तर त्या नोंदी अत्यंत महत्त्वाच्या आहेत, कारण जमीन विकून टाकलेला माणूस खरेदीदारालाच दरमहा पैसे का देईल, या प्रश्नाचे सरळ उत्तर सावकाराकडे नसते. पंधरा वर्षांच्या मुदतीकडे पाहून स्वस्थ बसू नये. जमीन तिसऱ्याच्या नावे गेली की प्रामाणिक खरेदीदाराचा वाद उभा राहतो आणि साधे प्रकरण गुंतागुंतीचे होते.

त्याच कायद्यातील आणखी काही तरतुदी आपल्या कामाच्या आहेत. कर्ज देताना परवाना नव्हता असे दिसल्यास न्यायालय सावकाराच्या बाजूने हुकूमनामा देऊ शकत नाही. चक्रवाढ व्याज घेता येत नाही आणि मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही. परवानाधारक सावकारासाठी शासनाने 2014 मध्ये अधिसूचित केलेले वार्षिक दर शेतकऱ्यांना तारणी कर्जावर 9 टक्के व विनातारण कर्जावर 12 टक्के, तर इतरांना अनुक्रमे 15 आणि 18 टक्के असे आहेत. दरमहा शेकडा पाच किंवा दहा या बोलीला त्यात कोठेही जागा नाही. रक्कम न भरलेली वचनचिठ्ठी घेणे हा गुन्हा आहे. कर्जदाराच्या मागे फिरणे, घरासमोर किंवा कामाच्या ठिकाणी ठाण मांडणे, धमकावणे हे सगळे कलम 45 मध्ये येते, मात्र त्याची शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड एवढीच आहे. पाच हजारांच्या दंडाला आज कोण घाबरेल? कर्नाटक आणि तमिळनाडूकडून काही घ्यायचेच असेल तर ते एवढ्या एका बाबतीत घ्यावे, आणि ही दुरुस्ती करण्यास नवा कायदा लागत नाही. तोवर गंभीर प्रकरणांत भारतीय न्याय संहितेतील खंडणी आणि धमकीची कलमे बरोबरीने लावण्याचा आग्रह धरावा.

एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. वचनचिठ्ठी सोडून अन्य परक्राम्य दस्तऐवजावर (सही करून दुसऱ्याकडे हस्तांतरित करता येणाऱ्या पैशाच्या कागदावर), व्यवहारात बहुधा धनादेशावर, दिलेली तीन लाख रुपयांहून अधिक रक्कम या कायद्याच्या व्याख्येतील कर्जातून वगळलेली आहे. सावकार सही केलेले कोरे धनादेश का मागतात, हे यावरून लक्षात येईल. पुढे धनादेश न वटल्याचा खटलाही त्याच धनादेशावर उभा राहतो. असे धनादेश दिले असतील तर अर्जात त्यांचे क्रमांक आणि ते कधी व कोणत्या कारणाने दिले, हे आधीच लिहावे.

आईच्या कर्जाचा मार्ग वेगळा आहे. कर्जपत्रिकेवर ज्या कंपनीचे नाव आहे, ती रिझर्व्ह बँकेच्या यादीत सापडते काय हे प्रथम पाहावे. सापडल्यास रिझर्व्ह बँकेचे एप्रिल 2022 पासूनचे मायक्रोफायनान्स नियम लागू होतात. वार्षिक तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले हे कर्ज विनातारण असले पाहिजे. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. मुदतीपूर्वी फेडल्यास दंड आकारता येत नाही. वसुली ठरलेल्या ठिकाणी व्हावी, आणि कर्जदार तेथे लागोपाठ दोनदा किंवा अधिक वेळा न आल्यासच कर्मचाऱ्याने घरी जावे. सकाळी नऊच्या आधी आणि सायंकाळी सहानंतर संपर्क साधणे, शिवीगाळ करणे, नातेवाईक वा शेजाऱ्यांना त्रास देणे यास मनाई आहे. एका सदस्याचा हप्ता थकला म्हणून साऱ्या गटाला रात्रीपर्यंत बसवून ठेवण्याचा प्रकार याच नियमांचा भंग आहे, मग गटाने परस्पर हमी दिलेली असो वा नसो.

तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी करावी आणि पोच ठेवावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक असल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तक्रार ऑनलाइन किंवा टपालाने करता येते, शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. वसुली कर्मचारी घरी आल्याची तारीख, वेळ, त्याचे नाव आणि शक्य असल्यास ध्वनिमुद्रण जपून ठेवावे. फार त्रास दिला, वाईट बोलले अशा मोघम वाक्यांवर कोणताही अधिकारी आदेश देऊ शकत नाही. कंपनी रिझर्व्ह बँकेच्या यादीत नसेल आणि तिच्याकडे सावकारीचा परवानाही नसेल, तर तिचे नाव कितीही भारदस्त असले तरी ती बहुधा विनापरवाना सावकार ठरते, आणि तिच्याविरुद्ध वर सांगितलेला 2014 चा कायदा पूर्ण ताकदीने वापरता येतो. मोबाइलवरून झटपट कर्ज देणाऱ्या अनेक ॲपच्या बाबतीत हीच स्थिती असते. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर 2025 पासून नियंत्रित संस्थांच्या कर्ज ॲपची सूची पाहता येते.

ठेवीचा प्रश्न उरतो. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. बँकेतील ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत जे विम्याचे संरक्षण असते ते पतसंस्थेला नाही, आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही ही तक्रार चालत नाही. संस्था राज्याच्या सहकारी कायद्याखाली नोंदलेली आहे की बहुराज्यीय आहे हे पावतीवरील नोंदणी क्रमांकावरून पाहावे. पहिली असेल तर तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे करावी; दुसरी असेल तर तक्रारीची ठिकाणे म्हणजे दिल्लीतील केंद्रीय निबंधक आणि 2023 च्या दुरुस्तीने आलेला सहकार लोकपाल. केंद्राच्या 2019 च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याचा उल्लेख पुष्कळजण करतात, पण नोंदणीकृत पतसंस्थेने आपल्या सभासदांकडून घेतलेल्या ठेवीला तो सहसा लागू होत नाही, कारण तो नियंत्रणाबाहेरील योजनांसाठी आहे. आपल्यासाठी खरे हत्यार 1999 चा महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम हे आहे, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात.

या कायद्याने बराच वनवास भोगला. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो राज्याच्या अधिकाराबाहेरचा ठरवला होता. तमिळनाडूच्या तशाच कायद्यासंबंधी 2011 मध्ये निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने हा विचार चुकीचा ठरवला, आणि त्यानंतर महाराष्ट्राचा कायदाही वैध ठरला. नॅशनल स्पॉट एक्स्चेंज या वस्तुबाजाराच्या घोटाळ्यात एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठेव आणि वित्तीय आस्थापना या संज्ञांचा विस्तृत अर्थ मान्य केला. कलम 3 खाली कपटाने ठेव बुडवणाऱ्या संचालक, व्यवस्थापक आदींना सहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. ठेवीदाराच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे ते कलम 4: शासन संस्थेची, आणि ती पुरेशी नसल्यास प्रवर्तक, संचालक व व्यवस्थापकांची वैयक्तिक मालमत्ताही जप्त करू शकते. जप्तीनंतर सक्षम प्राधिकारी (यासाठी शासनाने नेमलेला अधिकारी) विशेष न्यायालयाकडे अर्ज करतो, न्यायालय जप्ती कायम करते, आणि लिलावाची रक्कम ठेवीदारांत प्रमाणशीर वाटली जाते. यास वर्षे लागतात, आणि पूर्ण रक्कम हाती येईलच असे आश्वासन कोणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

ग्राहक आयोगाचा मार्गही मोकळा आहे. सहकारी कायद्यात वेगळी दाद असली तरी पतसंस्थेविरुद्ध ग्राहक तक्रार चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने थिरुमुरुगन सहकारी पतसंस्थेच्या प्रकरणात 2003 मध्येच स्पष्ट केले आहे, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 100 नेही हा उपाय इतर कायद्यांना पूरक ठेवला आहे. दिलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. माझे मत असे की संस्था अजून सुरू आहे, कर्जवसुली चालू आहे, पण पैसे द्यायला टाळाटाळ करते, अशा वेळी ग्राहक आयोग उपयोगी पडतो. शाखांना कुलपे लागली असतील आणि संचालक बेपत्ता असतील तर आयोगाचा आदेश भिंतीवर लावण्यापुरता उरतो, तेव्हा थेट आर्थिक गुन्हे शाखेत एमपीआयडीखाली तक्रार द्यावी. गुन्हा आधीच दाखल झाला असेल तर स्वतंत्र तक्रारीचा हट्ट न धरता त्याच गुन्ह्याच्या तपास अधिकाऱ्याकडे जबाब, मूळ पावत्यांच्या छायाप्रती आणि बँक तपशील देऊन ठेवीदारांच्या यादीत आपले नाव आले आहे याची खात्री करून घ्यावी. मूळ पावती कोणालाही, अगदी ठेवीदार संघटनेलाही, पोच घेतल्याशिवाय देऊ नये.

कामाचा क्रम म्हणून सांगतो: कलम 18 चा अर्ज सर्वांत आधी करावा, कारण दरम्यान जमीन पुढे विकली जाण्याचा धोका आहे. आईची लेखी तक्रार त्याच आठवड्यात कंपनीकडे जावी, म्हणजे तीस दिवसांची गणना सुरू होईल. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, त्यामुळे आईच्या नावावरील प्रकरणासाठी ते आजच मागता येईल, आणि शेतीत तिचा वारसाहक्क असेल तर कलम 18 च्या अर्जातही तिला अर्जदार करावे.